बुलेटचं क्रोम, गंज आणि पॉलिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून दोनदा माझा फोन हमखास वाजतो, एकदा पावसाळा संपला की आणि एकदा खंडेनवमीच्या दोन दिवस आधी. प्रश्न तेच, फक्त माणसं वेगळी. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझी स्वतःची जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आहे म्हणून उदाहरणं बुलेटची येतील, पण जावा, येझदी, राजदूत, जुनी स्प्लेंडर, कशालाही हेच लागू आहे.

क्रोमचा पार्ट म्हणजे अख्खा क्रोमचाच असतो का?

नाही हो. आत साधं लोखंड असतं, पाइप नाहीतर पत्रा. त्यावर निकलचा थर आणि सगळ्यात वर क्रोम. आणि ते वरचं क्रोम किती, तर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. निकल त्या मानाने बरंच जाड, दहा-वीस-तीस मायक्रॉन, जसं काम केलं असेल तसं. म्हणजे तुम्ही ज्याला क्रोमची चमक म्हणता ती बरीचशी खालच्या घासून गुळगुळीत केलेल्या निकलची असते, क्रोम फक्त तिला काळी पडू देत नाही आणि ती जराशी निळसर झाक देतं.

दुसरं, क्रोम स्वतः गंजत नाही. त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतातच, त्यातून पाणी आत झिरपतं, निकलला कुठे बारीक भोक असेल तर लोखंडापर्यंत पोचतं आणि मग तिथून लाल ठिपका वर येतो. तो ठिपका म्हणजे उंदराच्या बिळाचं तोंड समजा. हे डोक्यात बसलं की खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

माझ्या गाडीवर चमकतंय ते सगळं क्रोमच आहे ना? कसं ओळखायचं?

सगळं नसतं. जुन्या बुलेटची इंजिनची बाजूची कव्हरं अॅल्युमिनियमची, बफ केलेली म्हणजे मशीनवर घासून चकाकवलेली. चाकाच्या तारांना बऱ्याचदा जस्ताचा मुलामा. काही सायलेन्सर स्टेनलेसचे. आणि हल्ली इंडिकेटर, मीटरच्या कडा, हेडलाइटची रिंग यातलं बरंच प्लास्टिकवर चढवलेलं असतं.

फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या, कापडात गुंडाळून लावा. चिकटलं तर आत लोखंड, म्हणजे बहुतेक क्रोम. नाही चिकटलं आणि नखाने टिचकी मारल्यावर आवाज बद्द आला तर प्लास्टिक. चिकटत नाही आणि थंडगार लागतंय, तर अॅल्युमिनियम धरा. स्टेनलेस मात्र चकवतं, सायलेन्सरला बऱ्याचदा वापरतात त्या जातीला चुंबक चिकटतं. अजून एक खूण, स्वच्छ धुतलेल्या भागावर पॉलिश चोळलं आणि फडकं काळंकुट्ट व्हायला लागलं आणि होतच राहिलं, तर ते अॅल्युमिनियम. क्रोम एकदा मळ निघाला की फडकं काळं करत नाही.

दर आठवड्याला काय करायचं? रोज पॉलिश लागतं का?

रोज तर नाहीच, महिन्यालाही नाही. पॉलिश वर्षातून दोन-तीनदा पुरे. आठवड्याला फक्त धुवा आणि कोरडं करा, आणि यात धुण्यापेक्षा कोरडं करणं महत्त्वाचं. लोक अर्धा तास फेस करतात, बादली ओततात आणि गाडी उन्हात सोडून चहा प्यायला जातात, तिथेच घोळ होतो.

आधी इंजिन-सायलेन्सर हाताला सोसेल इतके गार होऊ द्या. मग नुसतं पाणी मारून माती सुटू द्या, कारण मातीवरच फडकं फिरवलं तर ते फडकं राहत नाही, पॉलिश पेपर होतं. मग गाडीचा शाम्पू आणि मऊ कापड. स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. मडगार्डची आतली बाजू, लेग गार्डच्या क्लॅम्पखाली, नंबरप्लेटच्या मागे, जिथे पाणी साचतं तिथे बोट घालून पुसा. मग गाडी दहा मिनिटं चालू करून एक फेरी मारा, सांदीतलं पाणी उडून जातं.

कापड मायक्रोफायबर असेल तर छान, नसेल तर जुनी सुती बनियन किंवा आजोबांच्या धोतराचं फडकं, चालतंय. फक्त गॅरेजमधला कॉटन वेस्टचा बोळा आणू नका, त्यात लेथचा बारीक कीस अडकलेला असतो. मी एकदा लेग गार्डवर असाच बोळा फिरवला होता, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. ते आजही आहेत.

भांड्याचा साबण, कपड्याची पावडर, कोलिन यातलं काय चालेल?

भांड्याची वडी नको, त्यात घासणारी पावडर असते. भांड्याचं लिक्विड अडीनडीला चालतं, पण वॅक्स लावलं असेल तर तेही धुऊन निघतं. कपड्याची पावडर सोड्याची, क्रोमला फारसं काही करत नाही पण शेजारच्या अॅल्युमिनियमच्या कव्हरला पांढरट करून ठेवते. कोलिन बोटांचे ठसे पुसायला उत्तम, गंजावर शून्य उपयोग.

पॉलिश कुठलं घेऊ? ब्रासो चालतं का?

ऑटोसोलची ट्यूब घ्या, ऑटोपार्टच्या मोठ्या दुकानात मिळते, एक ट्यूब मला दोन वर्षं जाते. ब्रासो पितळेसाठी असलं तरी लोखंडावरच्या क्रोमला चालतं, पोलीस-मिलिटरीवाले बक्कल घासायला वापरतात तेच. वास उग्र असतो कारण त्यात अमोनिया असतो, तेव्हा बंद पार्किंगमध्ये बसून घासू नका.

लावायची पद्धत अशी, वाटाण्याएवढं घ्यायचं, वीतभर जागेवर चोळायचं, सुकून पांढुरकं होऊ द्यायचं आणि स्वच्छ फडक्याने काढायचं. सरळ उभ्या-आडव्या हाताने चोळा. जोर लावायचा नाही. प्रत्येक वेळी पॉलिश थोडं थोडं घासूनच काम करतं, आणि घासायला तुमच्याकडे आहे किती तर अर्धा मायक्रॉन, वर सांगितलंच.

गंजाचे लाल ठिपके आलेत. अॅल्युमिनियम फॉइलने जातात म्हणे, खरंय का?

खरंय. आणि मी बघितलेल्या सगळ्या घरगुती उपायांत हा एकच उपाय मला मनापासून पटलेला आहे.

डब्यात पोळ्या गुंडाळायची ती फॉइल. हाताएवढा तुकडा फाडा, चुरगळून लिंबाएवढा गोळा करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर हलक्या हाताने फिरवा. पहिली पाच-दहा सेकंद खरखरीत लागतं, मग हाताला जाणवतं की गोळा आता सरकायला लागला, खरखर गेली. त्या वेळी पाण्याची करडी-तपकिरी पेज झालेली असते. ती पुसा आणि बघा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ, म्हणून ते क्रोमला ओरखडत नाही, पण वर आलेला गंज सोलून काढतं. फॉइल काळी पडून फाटली की नवीन घ्या. गाडी आधी धुतलेली हवी, नाहीतर फॉइलला वाळू चिकटते आणि मग ओरखडे येतात आणि लोक मला शिव्या देतात.

सगळ्यात मोठी चूक पुढची आहे. गंज गेला, चकाचक झालं, फोटो काढला, संपलं. अहो, ते बिळाचं तोंड उघडंच आहे ना! त्याच दिवशी धुऊन, पुसून, ऊन दाखवून, वर पॉलिश आणि त्यावर (सायलेन्सर सोडून) वॅक्सचा हात मारायचा. वॅक्स नसेल तर इंजिन ऑइलचा अगदी पुसट हात. नाहीतर पहिल्या पावसाला ठिपके त्याच जागी परत.

फॉइलने गंज जाऊन बारीक काळा खड्डा राहिला असेल तर तिथलं क्रोम-निकल गेलेलंच आहे, कितीही घासा तो भरून येणार नाही. आणि बोट फिरवल्यावर पापुद्रा नखात येत असेल तर फॉइलही नको, थेट खाली पुन्हा क्रोम करण्याचा प्रश्न वाचा.

कोल्ड्रिंक, लिंबू, चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, रांगोळी, हार्पिक?

काळ्या, कोलावाल्या कोल्ड्रिंकमध्ये थोडं फॉस्फरिक अॅसिड असतं त्यामुळे फॉइल त्यात बुडवली तर जरा जास्त काम होतं, पण नंतर साखर धुवायची राहिली की मुंग्या लागतात, शिवाय पाण्याने होतंय तर कशाला. लिंबू-चिंच तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठेवा, पितांबरी पण. टूथपेस्ट म्हणजे बारीक घासणारी पावडरच, चालते, पण पॉलिशची ट्यूब त्याहून चांगली आहे. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, दारात घाला, गाडीला नको.

हार्पिक किंवा फरशीचं अॅसिड, अजिबात नाही. त्यात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं आणि प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला हेच अॅसिड वापरतात. म्हणजे तुम्ही साफ करत नाही, क्रोम काढून टाकताय.

तारेची घासणी किंवा हिरवा स्क्रबर हळूच वापरला तर?

हळूच सुद्धा नको. अगदीच गंजलेल्या, न दिसणाऱ्या जागी, मडगार्डच्या आत वगैरे, सगळ्यात बारीक स्टीलवूल, ज्याला चार शून्य म्हणतात, ती तेलात भिजवून वापरतात. ती हार्डवेअरच्या दुकानात मागून घ्यावी लागते, भांड्याची घासणी म्हणजे ती नव्हे. पितळी तारांचा छोटा ब्रश वेल्डिंगच्या सांध्यात चालतो. दिसणाऱ्या भागाला फॉइलच.

बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वळलेला पाइप) निळा-जांभळा पडलाय. हे पॉलिशने जाईल का?

जाईल, पण परत येईल. उष्णतेने क्रोमवर ऑक्साइडचा फार पातळ थर चढतो, त्यावरून उजेड परतताना रंग दिसतात, पाण्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसेच. आधी सोनेरी, मग जांभळट, मग निळा. म्हणजे पाइप किती तापला होता ते तो स्वतःच लिहून ठेवतो.

इंजिनच्या हेडजवळच्या वळणावर थोडी सोनेरी झाक येणं नॉर्मल आहे, त्यासाठी जीव काढू नका. पण गडद निळा वीतभर खालपर्यंत उतरला असेल तर आधी मेकॅनिककडे जा, पॉलिश नंतर. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मिक्श्चर फार लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं असेल, टायमिंग मागे गेलं असेल म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, किंवा बेंडच्या तोंडाशी गॅस्केट लीक होऊन हवा ओढत असेल. तुम्हाला जर सकाळी गाडी स्टँडवर पंधरा मिनिटं घुडघुड करत ठेवायची हौस असेल तर तेही कारण आहे, उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि पाइप तापतच राहतो. एक ओळखीचा मुलगा दर रविवारी निळा घासून काढायचा आणि सोमवारी गाडी तशीच तापवायचा, वर्षभरात त्याच्या पाइपवर निकलचा पिवळटपणा दिसायला लागला.

घासायचं असेल तर पॉलिश, मऊ कापड आणि भरपूर वेळ. निळ्यावर चालणारी वेगळी पावडर-पॉलिशंही मिळतात, पण पाइप गार असतानाच. एकाच भिंतीचा पाइप जास्त निळा पडतो, दुहेरी भिंतीचा कमी, म्हणून मित्राचा पडत नाही आणि तुमचा पडतो यात तुमचा दोष असेलच असं नाही.

रेनकोटची पँट सायलेन्सरला चिकटून वितळली, काळा डाग जाता जात नाही!

पावसाळ्यातला नंबर एकचा प्रश्न. चाकू, स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा. गाडी दोन-तीन मिनिटंच चालू करा, सायलेन्सर कोमट झाला की बंद करा आणि लाकडी कालथा किंवा आइस्क्रीमच्या काडीने खरवडा, मऊ झालेलं प्लास्टिक गुंडाळत येतं. उरलेला पातळ डाग पूर्ण गार झाल्यावर नेलपॉलिश रिमूव्हरने काढा, सायलेन्सर गरम असताना ते लावणं म्हणजे आग लावून घेणं. रिमूव्हर रंगाला आणि प्लास्टिकला लागू देऊ नका. शेवटी फॉइल किंवा पॉलिश. चपलेचा सोल चिकटला तरी हेच.

डांबराचे शिंतोडे?

रॉकेलचं फडकं पाच मिनिटं ठेवा, पुसा, साबणाने धुवा. बस्.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, धुतलं की पांढरे ठिपके राहतात.

ते क्षार आहेत. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, कापड भिजवून मिनिटभर फिरवा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. ठेवून देऊ नका, आंबट ते आंबटच. मुळात शेवटची एक बादली पिण्याच्या पाण्याची घेतली किंवा उन्हात न धुता सावलीत धुऊन पटकन पुसलं तर डाग पडतच नाहीत.

आम्ही रत्नागिरीचे, समुद्र जवळ. इथे क्रोम टिकतच नाही, काय करावं?

माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे दुःख कळतं. खारी हवा, वर जून ते सप्टेंबर पाऊस. मिठातलं क्लोराइड निकलच्या बारीक भोकांतून शिरतं आणि आतून पोखरतं. घाटावर जी गाडी दहा वर्षं चकचकीत राहते तिला किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत ठिपके येतात.

मे महिन्यातच तयारी करा. धुऊन, पॉलिश करून सायलेन्सर-बेंड सोडून सगळ्या क्रोमवर घट्ट वॅक्स, आणि न दिसणाऱ्या जागी, म्हणजे मडगार्डची आतली बाजू, स्टँड, शॉकअपच्या स्प्रिंगा, पेट्रोलियम जेलीचा हात. खोबरेल लावणारे बरेच आहेत, मामा पण लावायचा, काही दिवस काम करतं पण त्यावर धूळ बसून चिकटा होतो. चार महिने गाडी उभीच राहणार असेल तर प्लास्टिकचं कव्हर थेट घालू नका, आत दमट हवा कोंडून पाणी सुटतं. जुनी सुती चादर, वर हवा खेळेल असं शेड. आणि पर्यटक मंडळी, पुळणीवर गाडी घालून रील काढायची हौस असेल तर निदान त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने, मडगार्डच्या खालूनसुद्धा, धुवा.

परदेशातल्या मराठी लोकांचा पण असाच प्रश्न येतो, तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. उत्तर तेच.

वॅक्स सायलेन्सरवर टिकतं का?

नाही, जळून जातं आणि कधी कधी पिवळा डाग सोडतं. वॅक्स मडगार्ड, हँडल, लेग गार्ड, रिम यांना. सायलेन्सर-बेंडला नुसतं पॉलिश करून कोरडं ठेवणं हाच उपाय. तेलही नको, धूर होतो आणि डाग भाजून पक्का होतो.

सायलेन्सर बाहेरून जपतो तरी खालून गंजून भोक पडलं, असं का?

तो आतून गंजला. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, सकाळी नळीतून थेंब पडतात ते तेच. गाडी रोज नुसती दूध आणायला कोपऱ्यापर्यंत नेली तर सायलेन्सर पुरता तापत नाही आणि ते पाणी आतच राहतं. आठवड्यातून एकदा वीसएक किलोमीटर मोकळं चालवा. काही सायलेन्सरला खाली बारीक भोक असतं ते पाणी जायलाच असतं, एम-सील लावून बुजवू नका, असे महाभाग भेटलेत.

रिम आणि तारांचं काय?

रिमचं क्रोम वरच्यासारखंच. चेनच्या तेलाचे काळे शिंतोडे रॉकेलच्या फडक्याने आधी काढा. गंज सुरू होतो तो तारेच्या निपलच्या (तार रिमला कसणाऱ्या छोट्या नटाच्या) भोवती, तिथे जुना टूथब्रश. तारांना जस्ताचा मुलामा असेल तर पॉलिशने चमकवायला जाऊ नका, मुलामा जातो. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंग आणि निपलवर जवळून मारू देऊ नका.

आणि महत्त्वाचं, डिस्क ब्रेक असेल तर पॉलिश, वॅक्स, डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे) यातलं काहीही डिस्कला किंवा टायरला लागता कामा नये. फवारायचं ते फडक्यावर फवारा, चाकावर नाही. ब्रेक न लागणं आणि क्रोम न चमकणं यात फरक आहे.

पुढच्या शॉकअपच्या दांडीवर पण ठिपके आलेत, फॉइल मारू?

थांबा. हे क्रोम वेगळं. ते शोभेचं नाही, हार्ड क्रोम असतं, बरंच जाड, आणि अगदी मापात घासलेलं. त्यावरून ऑइल सील वरखाली होतं. सील जिथे फिरतं त्या भागात खड्डा असेल तर तो सील कापतो आणि तेल गळायला लागतं. सीलच्या वर, कधी न पोचणाऱ्या जागी ठिपका असेल तर फॉइलने हळूच काढा. फिरत्या भागात असेल तर बोटाचं नख फिरवा, नख अडकलं तर मेकॅनिकला दाखवा, दांडी बदलावी लागेल किंवा पुन्हा हार्ड क्रोम करून ग्राइंड करावी लागेल. पॉलिशची पेज सीलजवळ राहू देऊ नका.

इंडिकेटरचं प्लास्टिकचं क्रोम पॉलिशने पांढरं पडलं.

पडणारच, आणि आता ते परत येणार नाही. त्यावर धातूचा अतिपातळ थर आणि बऱ्याचदा वर लॅकर असतो, पॉलिश दोन्ही घेऊन जातं. साबणपाणी, बस्. काळं क्रोम आणि मॅट फिनिशलाही हेच. टाकीवरच्या हाताने मारलेल्या सोनेरी रेषांजवळ चोळताना तिथे पेंटरची मास्किंग टेप लावा.

पुन्हा क्रोम करून घेणं परवडतं का? नवीन पार्ट घेऊ का?

लेग गार्ड, सायलेन्सर, नवीन मिळतात ते नवीन घ्या. जुना मूळ मडगार्ड, जावाची टाकी, जुन्या हेडलाइटची रिंग, जे आता मिळत नाही तेच पुन्हा करा.

कामाचा क्रम असा, जुनं उतरवायचं, गंज काढायचा, बफिंग, मग तांबं, निकल, शेवटी क्रोम. खरी मजुरी बफिंगची. खाली ओरखडा राहिला की वर आरशासारखं दिसतं पण आरशात ओरखडा दिसतो. माझा मागचा मडगार्ड मी एका ठिकाणी सगळ्यात स्वस्त भावात दिला, गणपतीत मिळाला, दिवाळीपर्यंत बुडबुडे आले. निकल नावाला होतं. म्हणून विचारताना ‘क्रोम किती माराल’ असं विचारू नका, ‘निकल किती वेळ ठेवता, तांबं देता का’ हे विचारा, आणि त्याने सहा महिन्यांपूर्वी केलेलं काम कुणाच्या गाडीवर आहे ते बघून या. पार्ट देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, भोकं-ब्रॅकेट मोजून ठेवा, बफिंगमध्ये नंबर पुसले जातात.

घरी क्रोम चढवायचा उद्योग मात्र नको. त्या टाकीतलं रसायन, सहासंयुजी क्रोमियम, कॅन्सर करणारं आहे. आणि चकचकीत स्प्रेचा डबा म्हणाल तर तो चंदेरी रंग आहे, क्रोम नाही, सायकलच्या बास्केटला मारा.

खंडेनवमीला पूजा केल्यावर क्रोमवर डाग राहतात, ते टाळता येतील का?

पॉलिश आदल्या दिवशी करा, वर वॅक्स, म्हणजे हळदीकुंकू वॅक्सवर बसतं. नारळ गाडीच्या पुढे जमिनीवर फोडा, मडगार्डवर पाणी उडालं तर तिथल्या तिथे पुसा. झेंडूची माळ मात्र हँडलवर वाळेपर्यंत आठवडाभर ठेवायची सवय सोडा, फुलांखाली ओल धरते आणि दोऱ्याच्या रेषेत ठिपके येतात. माझ्या हँडलवर डाव्या बाजूला अशी एक बारीक रेष आहे. दुसऱ्या दिवशी माळ काढा आणि दारावर लावा.